मागच्या सीटवरची पनवती

रविवारी सकाळी नऊलाच ते पत्र्याचं आवार माणसांनी भरून गेलं होतं. वस्ती संपते तिथे, बंद पडलेल्या वीटभट्टीला लागून ही जागा. आत पंचवीस-तीस गाड्या रांगेनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या बॉनेटवर लाल चादर पांघरलेली होती, जणू सगळ्यांना एकाच वेळी ताप भरला होता. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मालक मंडळी. कुणाचा दुधाचा टेम्पो, कुणाची जीप, कुणाची सासऱ्यांकडून आलेली मोटार. दुखणं मात्र सगळ्यांचं एकच: गाडी रात्री धडधाकट झोपते आणि सकाळी उठत नाही.

"आवाज नको, बाबा आले!" सेवकानं हात वर केला.

किल्लीबाबा आले. पांढरा झब्बा, डोळ्यांत सुरमा आणि गळ्यात दीड-दोनशे जुन्या किल्ल्यांची माळ. पूर्वी ते गाड्यांची सीट कव्हरं शिवायचे, असं काही जण म्हणत. पण हळू आवाजात.

"माणसाला प्राण असतो," बाबांनी सुरुवात केली. "गाडीला नसतो का?"

"असतो!"

"कुठे असतो?"

"बॅटरीत!" नेहमीचे येणारे ओरडले.

"सात दिवस जी गाडी माझ्या छत्राखाली झोपते, तिचा प्राण कुठे जातो?"

"कुठेच जात नाही!"

"आणि तुमच्या घरी तो कोण पितं?" बाबांनी आवाज खाली आणला. "घरच्याच कुणाची तरी छाया पिते."

खुर्च्या करकरल्या. जो तो मनातल्या मनात घरची माणसं मोजू लागला.

सेवक मंतरलेल्या पाण्याची वाटी घेऊन एका जीपच्या चादरीखाली शिरला. आत दोन मिनिटं पुटपुटणं झालं. तो बाहेर आल्यावर बाबा स्टिअरिंगवर बसले, डोळे मिटले, किल्ली फिरवली. एका सेल्फमध्ये जीप सुरू! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"गाडीच्या घड्याळात बघ किती वाजले," बाबा जीपवाल्याला म्हणाले.

जीपवाला आत वाकला. "बारा, बाबा. पण आत्ता तर साडेनऊ..."

"तुमचे साडेनऊ. हिचा जुना काळ संपला. ही आत्ता जन्मली!"

जीपवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या रांगेत, टोपी भुवयांपर्यंत ओढून, एक माणूस बसला होता. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, ही गोष्ट पुढे त्याला फार जड गेली. कारण हा माणूस शाळेत विज्ञान शिकवायचा. नववी-दहावीला, बावीस वर्षं. सगळे त्याला मास्तर म्हणत. पाण्यानं दिवा पेटवणाऱ्या बुवांची हातचलाखी ते दरवर्षी वर्गात करून दाखवत. शाळेच्या विज्ञान मंडळाचे ते अध्यक्ष होते, सचिव होते आणि बहुतेक वेळा एकमेव सभासदही होते. टोपी होती ती विद्यार्थ्यांनी ओळखू नये म्हणून.

ही वेळ त्यांच्यावर आली ती एकोणीस वर्षांच्या मोटारीमुळे. मास्तरांचा तिच्यावर भारी जीव. दार कुणी जोरात आपटलं की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. "हळू! जुनी गाडी आहे," हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे गाडीला काम एकच होतं. मास्तरांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या वॉकर धरून चालत आणि त्यांना सोमवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर व्यायामासाठी फिजिओथेरपीला न्यावं लागे.

आणि चार महिन्यांपासून गाडीनं हे नाटक सुरू केलं. उभ्या उभ्या बॅटरी उतरायची. किल्ली फिरवली की नुसतं टक्. मेकॅनिकनं एकदा बॅटरी बदलली, दुसऱ्यांदा बदलली, डायनामो तपासला. शेवटी हात पुसत म्हणाला, "मास्तर, डायनामो चांगला, बॅटरी नवी. आता तुमचं नशीबच तेवढं तपासायचं राहिलंय."

मास्तरांनी एक वही सुरू केली. तारीख, वार, गाडी कुणी चालवली, कोण बसलं, सगळं शिस्तीत लिहिलं. वहीतून जे बाहेर आलं ते वाचून त्यांच्या अंगावर काटा आला. सहा वेळा बॅटरी उतरली होती आणि सहाही वेळा त्याआधी गाडीत सासूबाई बसल्या होत्या. व्यायाम बुडून त्या बसल्या नाहीत तर गाडी दहा-दहा दिवस ठणठणीत.

या वहीचं पुढे काय करायचं हे मास्तरांना कळलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्यांनी काय केलं? गाडी घेऊन किल्लीबाबांकडे गेले. 'फक्त निरीक्षणासाठी' असं स्वतःला बजावलं होतं. तिथल्या सेवकानं आपुलकीनं विचारपूस केली, दोन कप चहा पाजला आणि गाडी सात दिवसांसाठी ठेवून घेतली.

आज तो सातवा दिवस होता.

"मोटारवाले मास्तर कोण?" बाबांनी पुकारा केला. टोपी काढून मास्तर उभे राहिले. बाबांनी डोळे मिटले. "तुमच्या मागच्या सीटवर एक बाई दिसते. केस पांढरे. उजवा पाय अधू. ती बसते आणि तुमच्या गाडीचा प्राण आटतो. खरं की खोटं?"

बाबांना कसं कळलं! गेल्या रविवारी दोन कप चहांच्या मध्ये हे सगळं आपणच त्या सेवकाला सांगितलंय, हे त्यांना आठवायला हवं होतं. आठवलं नाही. माणसाला भक्तीची भरती आली की आधी आठवण वाहून जाते.

"खरं, बाबा."

"तिला या गाडीत पुन्हा बसवायचं नाही. पनवती आहे ती."

चादरीखाली सेवक पुटपुटून आला, किल्ली फिरली, मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली. घड्याळात बारा! बाबांनी माइक मास्तरांच्या हातात दिला. "सांगा सगळ्यांना. तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"विज्ञान."

आवारात 'अरे बापरे' उमटलं. एक-दोन मोबाइल आधीपासून वर होतेच, आता वीस-पंचवीस झाले. मास्तरांनी घसा खाकरला आणि ते वाक्य उच्चारलं, जे पुढे आठवलं की त्यांचे कान तापत: "विज्ञानाच्याही पलीकडे काही असतं, हे आज मी डोळ्यांनी पाहिलं."

घरी येऊन ते खोटं बोलले. मेकॅनिकनं गाडी फार चालवू नका म्हणून सांगितलंय, म्हणाले. बायको वैतागली, पण सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यात काय एवढं? मी बसनं जाईन." बसमध्ये वॉकर कसा नेणार, म्हणून त्या काठी घेऊन जाऊ लागल्या. सोमवारी, गुरुवारी, संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी दहा वाजता.

आणि गाडी? पाच आठवडे गाडी एकदाही रुसली नाही. मास्तर रोज सकाळी खाली जात, किल्ली फिरवत, बॉनेटवर हात फिरवून वर येत. गुण आला होता. सप्रमाण गुण आला होता!

सहाव्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या बाईंचा फोन आला. मास्तरांच्या बायकोनं घेतला.

"आजींनी व्यायाम सोडला का? पाच आठवडे फिरकल्याच नाहीत."

गुरुवार होता, अकरा वाजले होते. सासूबाई दहालाच घरातून निघाल्या होत्या. बायको धावत बसस्टॉपवर गेली. स्टॉपवरच्या बाकावर, काठी गुडघ्यांमध्ये धरून, सासूबाई बसलेल्या होत्या. समोरून एक बस आली, थांबली, निघून गेली. त्या बसूनच राहिल्या.

बसची पायरी त्यांना चढताच येत नव्हती. पहिल्या दिवशी दोनदा प्रयत्न केला, मागचे लोक खोळंबले, कंडक्टर ओरडला. मग त्या दर खेपेला बाकावर दोन तास काढून घरी येत होत्या. मुलीच्या आणि जावयाच्या संसारात आपल्या पायामुळे आणखी एक कटकट नको, एवढाच त्यांचा हिशेब.

त्याच दुपारी बायकोच्या मोबाइलवर सोसायटीतल्या कुणीतरी व्हिडिओ पाठवला. 'हे तुमचेच ना?' असं खाली लिहिलं होतं. मास्तर शाळेतून घरी आले तेव्हा मायलेकी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि टेबलावर, पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून, मास्तर स्वतःच बोलत होते: "विज्ञानाच्याही पलीकडे..."

"पुन्हा लाव गं," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा लागला. पुन्हा बाबा म्हणाले, केस पांढरे, उजवा पाय अधू, पनवती.

"केस पांढरे, हे बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "पाय माझा डावा आहे."

मास्तरांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"माझा दुखरा पाय उजवा, असं या जगात एकाच माणसाला वाटतं. गेलं वर्षभर तुम्ही मला जिना उतरताना चुकीच्या बाजूनं आधार देताय, जावईबापू. भिडेपोटी मी बोलले नाही. तेव्हा बाबाला हे अंतर्ज्ञानानं कळलेलं नाही. तुम्ही सांगितलंय."

दोन कप चहा मास्तरांना आठवला. दुसरा तर त्यांनी मागून घेतला होता.

"आई, माझं चुकलं." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "मी... काय बोलू?"

"काहीच बोलू नका. पनवती म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही, लोक काय काय म्हणतात. पण तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि मला खोटं सांगितलंत, ते लागलं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. "आता ती वही आणा."

सासूबाईंनी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढली होती. टेस्टिंगला. गावातल्या हजारो लाइनींपैकी कुठली कुठे गळते, ते टेबलावर बसून शोधून काढायचं, हेच काम. घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तिचा गाडीशी संबंध लावावा, असं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. विज्ञान मंडळाच्या अध्यक्षांना तर नाहीच.

त्यांनी वही नीट वाचली. "निरीक्षण उत्तम आहे. मी बसते तेव्हाच बॅटरी उतरते. सहापैकी सहा."

"आई!" बायको ओरडली.

"अगं, जे आहे ते आहे. पण गाडीत मी एकटी येते का? माझ्याबरोबर काय काय येतं, काय काय उघडतं, काय काय बंद होतं, ते कुठे लिहिलंय यात? फॉल्ट तिथे असणार. शनिवारी सुट्टी आहे ना? शाळेतून मीटर आणा."

शनिवारी सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सासूबाईंसाठी खुर्ची मांडली गेली. मास्तरांनी बॉनेट उघडलं आणि शाळेचा मीटर बाहेर काढला. आता निदान इथे तरी आपली अब्रू राखायची, असा त्यांचा निर्धार होता. चकती अँपिअरवर फिरवली, एक टोक बॅटरीच्या धन बाजूला, दुसरं ऋण बाजूला टेकवलं. ठिणगी उडाली, 'फट्' झालं, मीटर विझला.

"अमीटर कसा जोडतात?" सासूबाईंनी विचारलं.

"एकसर," मास्तर पुटपुटले.

"आणि तुम्ही कसा जोडलात?"

"समांतर."

हे वाक्य त्यांनी बावीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारून. सासूबाई हसू दाबायला गेल्या आणि त्यांना जोराचा ठसका लागला. पाच आठवड्यांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. मास्तरांना वाटलं, असे आणखी चार मीटर जाळायला हरकत नाही.

नशिबानं मीटरच्या आतला फ्यूजच तेवढा उडाला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून तसाच नवा आणून बसवला. मग सासूबाई सांगतील तसं: बॅटरीची ऋण बाजूची तार पान्यानं सोडवली, तार आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडला. म्हणजे गाडीत जो काही करंट जाईल, तो मीटरमधूनच जायला हवा.

"आता किल्लीला कुणी हात लावायचा नाही. सेल्फ मारलात तर मीटर पुन्हा जाईल. दारं लावा आणि दहा मिनिटं थांबा. गाडीला झोपू द्या."

दहा मिनिटांनी आकडा दिसला: शून्य दशांश शून्य तीन.

"हा घड्याळाचा आणि चोरीच्या भोंग्याचा," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्यानं महिनाभर काही होत नाही. म्हणजे आत्ता गळती नाही. आता पनवतीला बसवा."

बायकोनं मागचं दार उघडलं. आतला दिवा लागला, आकडा चढला. सासूबाई सीटवर बसल्या, दार लागलं, दिवा विझला. आकडा खाली आला. शून्य दशांश शून्य तीन.

"मी आत बसलेय आणि काही प्यायलेली नाही," काच खाली करून त्यांनी जाहीर केलं. "लिहून घ्या, मास्तर."

मास्तरांनी लिहून घेतलं.

"पुढे काय येतं माझ्याबरोबर? वॉकर. ठेवा डिकीत."

बायकोनं डिकी उघडली, वॉकर घडी करून आत ठेवला आणि धाडकन झाकण आपटलं. मास्तरांच्या छातीत धस्स झालं. आकडा: शून्य दशांश शून्य तीन.

"हेही नाही," मास्तर निराश होऊन म्हणाले.

सासूबाई गाडीतून उतरल्या, खुर्चीत बसल्या. बराच वेळ डिकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यातून आल्यावर वॉकर कोण काढतं?"

"मी."

"मग काढा. आणि नेहमी लावता तशीच डिकी लावा."

मास्तरांनी वॉकर काढला. मग दोन बोटांनी, लहान बाळावर दुलई घालावी तितक्या मायेनं, झाकण खाली आणलं. 'टिक्' असा हलका आवाज झाला. त्यांनी वळून मीटरकडे पाहिलं.

शून्य दशांश आठ सहा.

एक मिनिट गेलं, दोन गेली. आकडा हलेना.

"अहो," बायको म्हणाली, "पनवती तुम्ही आहात."

सासूबाईंनी एक एक फ्यूज काढून बघायला लावला. चौथा काढताच आकडा धाडकन खाली आला. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर लिहिलं होतं: आतले दिवे. मग मास्तरांचा मोबाइल व्हिडिओ सुरू करून डिकीत ठेवला, फ्यूज परत बसवला आणि डिकी पुन्हा त्याच मायेनं लावली. व्हिडिओत सगळं दिसलं. झाकण लागलं तरी डिकीतला छोटा दिवा लख्ख जळत होता. दिव्याचं बटण झाकणाच्या दाबानं बंद व्हायचं, आणि झाकणाखालचं रबर इतक्या वर्षांत झिजून गेलं होतं. आपटलं तर बटण दाबलं जायचं. मायेनं लावलं तर कधी जायचं, कधी नाही. गाडी रस्त्याला लागली की खड्ड्यात हादरा बसायचा, झाकण नीट बसायचं, दिवा विझायचा. म्हणून मेकॅनिककडे पोचेपर्यंत फॉल्ट गायब.

मास्तरांनी कागदावर गणित मांडलं. दिवसाला वीस अँपिअर-तास. दोन दिवसांत अख्खी बॅटरी फस्त. छाया नाही, पनवती नाही. डाळिंबाच्या दाण्याएवढा एक दिवा, आणि त्याला दिवसरात्र बंद डिकीत पेटता ठेवणारे जावईबापू.

"पण बाबांकडे गाडी सुरू झाली, ती कशी?" बायकोनं विचारलं.

"तिथे जाताना त्या वीटभट्टीच्या रस्त्यानं हिची हाडं खिळखिळी झाली असतील, दिवा विझलाच असेल. घरी आल्यावर मी बसले नाही, म्हणजे वॉकर नाही, म्हणजे डिकी उघडलीच नाही. सुरू व्हायचीच," सासूबाई म्हणाल्या. "मला त्या घड्याळाचं कोडं पडलंय. बारा कसे वाजले?"

मास्तरांनी सोडवलेली तार बॅटरीला परत जोडली आणि ते गाडीत डोकावले. बराच वेळ ते डोकं बाहेरच काढेनात. शेवटी आतूनच त्यांचा बारीक आवाज आला. "आई, बारा वाजलेत. आत्ता, तार काढून जोडल्यावर."

"म्हणजे तुमच्या बाबानं गाडीला नवा जन्म दिला तो दहा नंबरच्या पान्यानं," सासूबाई म्हणाल्या. "तार सोडली की सात दिवस काय, सात आठवडे बॅटरी उतरणार नाही."

डिकीला रबराचा तुकडा चिकटवून झाल्यावर मास्तर म्हणाले, "उद्या रविवार आहे. मला तिथे जायचंय."

"आम्हीही येतो," मुलीकडे न बघताच सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आवारात गर्दी तशीच होती. मागच्या सीटवरून पांढऱ्या केसांची बाई वॉकर घेऊन उतरली, तिकडे बाबांचं लक्ष गेलं नाही. त्यांना फक्त मास्तर दिसले. "या मास्तर!" त्यांनी स्वतःहून माइक पुढे केला. "सांगा, पाच आठवड्यांत गाडी एकदा तरी रुसली का?"

"नाही," मास्तर माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या. "पण त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला मी आलोय. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतो. काल मी अमीटर चुकीचा जोडून जाळला. त्याआधी याच जागी उभा राहून माझी अक्कल जाळली होती. तिचा फ्यूज बदलायला थोडा उशीर झाला."

लोक हसले. बाबा हसावं की नाही या विचारात पडले. तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, "इथून गाडी नेल्यावर कुणाकुणाच्या घड्याळात बारा वाजले होते? हात वर करा."

पहिले दोन, मग दहा, मग जवळजवळ सगळे हात वर झाले.

"घरी जाऊन बॅटरीची तार सोडा आणि परत जोडा. घड्याळ बाराच दाखवेल. मंत्र म्हणा, नाहीतर बाराखडी म्हणा."

"श्रद्धा नसलेला माणूस आहे!" बाबा गरजले. "माइक घ्या त्याच्याकडून!"

सेवक पुढे आला. पण एका दुधाच्या टेम्पोचा मालक त्याच्या आधी उठला होता. त्याचा टेम्पो आज सातव्या दिवशी, चादर पांघरून, किल्लीची वाट बघत होता. तो सरळ जाऊन चादर ओढू लागला.

"हात लावू नको! कवच तुटेल!"

"टेम्पो माझा आहे, बाबा." त्यानं बॉनेट उचललं. पुढच्या रांगा उठून भोवती जमल्या. बॅटरीची काळी तार सोडवून बाजूला ठेवलेली होती, टोकाला लाल फडकं गुंडाळून. वाटीवाल्या सेवकाच्या खिशातून पाना खाली पडला नाही, पण त्यानं खिशावर हात मात्र दाबून धरला.

बाबा हार मानणारे नव्हते. "ते बंधन आहे! छायेनं तारेतून येऊ नये म्हणून घातलेलं बंधन!"

"अगदी खरं बोललात," वॉकर टेकत सासूबाई पुढे आल्या. "तार सोडली की बॅटरी पिता येत नाही कुणाला. पण बाबा, एवढं काम पान्यानं घरी दोन मिनिटांत होतं. त्यासाठी घरातल्या माणसाचं नाव कशाला घेता? ती मागच्या सीटवरची बाई मी. आणि पाय डावा आहे माझा."

मग त्या लोकांकडे वळल्या. माइक नव्हता, तरी आवाज पोचला. "आता मी विचारते. यांच्या सांगण्यावरून कुणाकुणाच्या गाडीत घरचं एक माणूस बसेनासं झालंय?"

एकही हात वर झाला नाही. सगळे पायांकडे बघू लागले. टेम्पोवाल्यानं बॅटरीकडे नजर लावली. मग अगदी कडेच्या खुर्चीतून एक हात अर्धवट वर आला. चष्म्याचं दुकान चालवणारा पन्नाशीचा माणूस होता. त्याच्या मागोमाग दुसरा हात. मग एका बाईचा. कुणाची सून होती, कुणाची आजारी बहीण, एकाचे तर वडील. प्रत्येक घरात गाडीला एक छाया सापडली होती आणि प्रत्येक छाया अशी होती, जिला उलटून बोलता येत नव्हतं.

बाबा केव्हा आत गेले कुणाला कळलं नाही. किल्ल्यांचा आवाज तेवढा आला.

गर्दीतली एक बाई हात जोडून सासूबाईंजवळ आली. "मावशी, आमच्याही गाडीवर एकदा तुमचा हात फिरवा ना."

"हात फिरवून काही होत नाही गं बाई!" सासूबाई जवळजवळ ओरडल्याच. "आता मला बाबा करू नका. मीटर आणा, तार सोडा, आकडा बघा, एक एक फ्यूज काढा. नाही जमलं तर मी शिकवीन. पण एकसर जोडा. नाहीतर यांना विचारा काय होतं ते."

मास्तरांनी माइक पुन्हा घेतला. भाषण करायचं म्हणून त्यांनी रात्री चार मुद्दे लिहिले होते, ते खिशातच राहिले. "मी शिकलेला आहे," ते म्हणाले, "आणि तरी फसलो. शिक्षण डोक्यात नुसतं ठेवून चालत नाही, वापरावं लागतं. मला एक गोष्ट दुसरीच्या मागोमाग दिसली आणि मी म्हटलं, पहिलीमुळेच दुसरी झाली. आणखी एक प्रश्न विचारला असता तर माझ्या सासूबाई पाच आठवडे बसस्टॉपवर बसल्या नसत्या. तुम्ही तो प्रश्न विचारा. गाडीबद्दल विचारा, औषधाबद्दल विचारा, मी वर्गात शिकवतो त्याबद्दलही विचारा. आणि ज्या उत्तरात तुमच्या घरचं सगळ्यात दुबळं माणूस दोषी ठरतं, ते उत्तर तर दोनदा तपासा."

लोक हळूहळू आपापल्या गाड्यांकडे वळले. चादरी निघू लागल्या, बॉनेटं उघडू लागली. एकच पाना होता, तो हातोहात फिरत होता.

चष्म्याच्या दुकानाचा मालक भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होता. मास्तर बाजूनं चालले होते, म्हणून त्यांच्या कानावर पडलं.

"वहिनीला दे फोन... वहिनी, मी बोलतोय. डॉक्टरांकडे जायचं राहिलंय ना तुमचं? आवरून ठेवा, मी घ्यायला येतोय." तो थोडा थांबला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, रिक्षानं नाही. गाडीनं. पुढे बसा, माझ्या शेजारी."